ट्राउटच्या विणीच्या जागा: वाचकांचे प्रश्न

आमच्या नदीत गोटे भरपूर आहेत, विणीच्या काळात ट्राउट माशांच्या जोड्याही दिसतात. मग पिल्लं का दिसत नाहीत?

बहुधा गोट्यांमधल्या फटी गाळाने बुजल्या आहेत. मादी शेपटीने खळगा करून अंडी घालते आणि ती गोट्यांखाली झाकते. पुढचे काही महिने त्या अंड्यांना प्राणवायू मिळतो तो फक्त फटींतून झिरपणाऱ्या पाण्यातून. बारीक गाळ बसला की अंडी तिथेच गुदमरतात. कधी पिल्लं आत फुटतात, पण वर येण्याची वाटच बंद झालेली असते.

गमबूट घालून विणीआधी गोट्यांत टाच फिरवून पाहा. पाण्यात तपकिरी ढग उठून बराच वेळ रेंगाळला, तर गाळ आहे. नक्की आकडा हवा असेल तर नमुना वाळवून चाळा. १ मिमीपेक्षा बारीक कण वजनाने १० ते १२ टक्क्यांच्या पुढे गेले, तर काळजी करायला हवी.

पंपाने गोटे धुतले तर?

धुता येतात. पंपाच्या नळीला साधारण मीटरभर लांबीचा लोखंडी पाइप जोडा, तो २० ते ३० सेंमी आत खुपसा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत हलवत राहा. सुरुवात वरच्या अंगाने करून प्रवाहाबरोबर खाली या, नाहीतर धुतलेल्या जागेवरच गाळ पुन्हा बसेल. काम आधीची पिल्लं बाहेर पडल्यावर आणि पुढच्या विणीच्या आधी करायचं. उन्हाने पाणी तापलेलं असताना मात्र नको, तेव्हा पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो.

पण गाळ येतो कुठून, ते आधी शोधा. काठ गुरांनी तुडवला असेल तर कुंपण घाला आणि पाणी पिण्यासाठी एकच पक्की जागा करून द्या. एवढं केलं नाही, तर दरवर्षी धूतच बसावं लागेल.

वर बंधारा असल्याने खाली गोटे येतच नाहीत. बाहेरून किती टाकावेत?

थर किमान ३० सेंमी हवा. १० मीटर लांब, ४ मीटर रुंद पट्ट्याला १२ घनमीटर, म्हणजे सुमारे २० टन लागतील. गोटे गोलसर, धुतलेले, १० ते ५० मिमी मिश्र आकाराचे घ्या. क्रशरची धारदार खडी नको, ती एकमेकांत घट्ट रुतते. मादी साधारणपणे आपल्या लांबीच्या दहाव्या भागाएवढे गोटे हलवू शकते. ३० सेंमीच्या मादीला ३ सेंमीचा गोटा पेलतो, मुठीएवढा नाही.

जागा निवडताना डोह संपून पाणी उथळावर चढतं ती निवडा, तिथे पाणी आपोआप गोट्यांत शिरतं. संत्र्याची साल सोडून पाहा: ५ मीटर जायला १० ते १५ सेकंद लागले तर वेग चांगला आहे. थर घोटून सपाट करू नका, उंचसखलपणाच कामाचा असतो. आणि नदीत काहीही टाकण्याआधी संबंधित खात्याची परवानगी घ्या. ट्राउट तिथली मूळची नसेल तर हे काम करूच नये, स्थानिक माशांचा त्यात बळी जातो.

विणीनंतर नदीत उतरावं का?

शक्यतो नको. ब्राऊन ट्राउटची अंडी ५ अंश पाण्यात फुटायला जवळपास ३ महिने लागतात, आणि पिल्लं त्यानंतरही काही आठवडे गोट्यांतच राहतात. विणीची ताजी जागा आजूबाजूच्या शेवाळलेल्या तळात फिकट, घासल्यासारखी उठून दिसते. वरच्या बाजूला खळगा, खालच्या बाजूला उंचवटा. अंडी खळग्यात नसतात, त्या उंचवट्याखाली असतात. खळगा टाळायला म्हणून लोक नेमके उंचवट्यावरच पाय ठेवतात.