फिश टँकचं पाणी नक्की किती दिवसांनी बदलायचं?

प्रश्न असा होता: "दोन फुटी टाकी आहे. दोन गोल्डफिश, चार मॉली, एक सकर. दुकानदार म्हणतो, महिन्यातून एकदा सगळं पाणी काढून टाकी स्वच्छ धुवा. शेजारचे काका म्हणतात, पाण्याला हातच लावू नका. चार महिने मी फक्त कमी झालेलं पाणी वरून भरतोय. कोणाचं ऐकू?"

दोघांचंही नको. साधारण नियम म्हणजे दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. तुमच्याकडे गोल्डफिश आहेत, म्हणून तिसरा हिस्सा. पण हे वाचून लगेच बादली उचलू नका. चार महिने पडून राहिलेल्या टाकीची गोष्ट वेगळी असते, ती खाली सांगतो.

आधी माझा पराक्रम. मासे पाळायला लागलो ते पहिलं वर्ष मी खरं तर मासे मारण्यातच घालवलं. दर रविवारी साग्रसंगीत कार्यक्रम असायचा. मासे बादलीत, खडी बाथरूममध्ये तांदळासारखी सात पाण्यांनी धुतलेली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढराशुभ्र, आणि टाकीत थेट नळाचं ताजं पाणी. संध्याकाळी पाहुण्यांना टाकी दाखवताना छाती फुगायची. सोमवारी मासे कोपऱ्यात गप्प, बुधवारपर्यंत एखादा कलंडलेला. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "पाणी लागलं नाही त्यांना." मग नवीन जोडी घ्यायची, सोबत निळ्या औषधाची बाटली.

पाणी लागत नव्हतं हे खरंच होतं, पण का ते त्याने सांगितलं नाही. मासा कल्ल्यांमधून अमोनिया सोडत असतो. खाली पडलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनियाच तयार होतो, आणि तो माशाला विष आहे. स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात (तेही विषच) आणि मग नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने सोसवतं. वीस पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे वीस मिलिग्रॅमच्या) आत असेल तर उत्तम, चाळीसच्या वर मात्र जाऊ देऊ नये. नव्या टाकीत हे जिवाणू जम बसवायला चार ते सहा आठवडे घेतात. आणि मी दर रविवारी त्यांना क्लोरीनच्या पाण्याने धुऊन गटारात सोडत होतो. विरजण फेकून भांडं लख्ख घासायचं आणि मग दही का लागत नाही म्हणून दुधाला दोष द्यायचा, तसला प्रकार.

जिवाणू पाण्यात फारसे नसतात, पृष्ठभागाला चिकटलेले असतात. म्हणून पाणी बदलल्याने ते जात नाहीत, टाकी धुतल्याने जातात. शेजारच्या काकांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे ते इथे. उरलेलं निम्मं चुकतं, कारण नायट्रेट खाऊन टाकणारं आपल्या टाकीत जवळजवळ कोणी नसतं. भरपूर वनस्पती असतील तर त्या थोडं ओढतात. बाकीचं बादलीनेच बाहेर काढावं लागतं.

थोडा हिशेब करू. समजा, टाकीत आठवड्याला दहा पीपीएम नायट्रेट वाढतं. दर आठवड्याला पाव पाणी बदललंत, तर काही महिन्यांनी पातळी चाळीसला येऊन थांबते, त्याच्या वर जात नाही. दर आठवड्याला निम्मं बदललंत, तर वीसला थांबते. आणि तेच पाव पाणी महिन्यातून एकदा बदललंत, तर थेट एकशे साठपर्यंत चढत जाते. म्हणूनच "किती दिवसांनी" या प्रश्नाला एकटा काही अर्थ नाही, "किती पाणी" आणि "किती मासे" हेही सोबत विचारायला हवं. भरपूर वनस्पती आणि आठ-दहा गप्पी असलेल्या माझ्या एका टाकीला मी पंधरा दिवसांनी हात लावतो. गप्पी तशी चिवट जात. "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" असं भिंतींवर रंगवून आरोग्य खातं त्यांना डबक्यांत सोडतं ते उगाच नाही. गोल्डफिश याच्या उलट: खादाड, आणि जेवढं खातो तेवढी घाण करणारा.

तुमची टाकी दोन फूट बाय एक बाय एक असेल तर साठ गुणिले तीस गुणिले तीस, म्हणजे ५४ लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्षात पाणी ४५ लिटरच्या आसपास. तिसरा हिस्सा म्हणजे १५ लिटर, आपली आंघोळीची एक बादली. दर आठवड्याला एक बादली, एवढंच हे काम आहे. (दोन गोल्डफिशना ही टाकी पुढे अपुरी पडणार, ते आत्ताच सांगून ठेवतो.)

वरून पाणी भरणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. हवेत उडतं ते नुसतं पाणी, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. आमटी आटली की खारट होते, मग पाणी घालून ती पहिल्यासारखी होते, पण मीठ काही कमी होत नाही. इथे तर तुम्ही घालताय त्या पाण्यातही थोडे क्षार आहेतच. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर विचारूच नका, काचेवर पांढरी रेघ दिसतच असेल.

पाणी कुठलं वापरायचं? महापालिकेचं चालतं, फक्त क्लोरीन घालवून. आदल्या दिवशी बादली भरून उघडी ठेवा, एअर पंपची नळी सोडली तर आणखी चांगलं, चोवीस तासांत क्लोरीन उडतं. तुमच्याकडे पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) घालत असतील तर ते असं उडत नाही, तिथे अँटी-क्लोरीनचे थेंबच हवेत. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की क्लोरीनचा वास जास्त येतो, आणि सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतात त्या आठवड्यात तर मी पाणी बदलतच नाही. आरओचं नुसतं पाणी नको, त्यात खनिजं जवळपास नसतात आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, आम्ल वाढलं की तो खाली येतो) स्थिर राहत नाही. आरओमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी वाचवण्याचा मोह होतो, पण सगळे क्षार त्याच पाण्यात जमलेले असतात. ते लादीसाठी ठेवा.

तापमान हाताने बघा. टाकीतल्या आणि बादलीतल्या पाण्यात हाताला फरक जाणवला तर थांबा. थंडीतलं सकाळचं नळाचं पाणी सगळ्यांच्या लक्षात येतं, पण मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी चटका देतं, ते लोक विसरतात.

काढताना मगाने वरवरचं पाणी उपसू नका, घाण तळाशी असते. दुकानात सायफनचा पाइप मिळतो, तो खडीत खुपसत एकेक कोपरा ओढून घ्या. आज डावी बाजू, पुढच्या आठवड्यात उजवी. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, आणि तोही काढलेल्या त्याच पाण्यात दोनदा दाबून. पांढरा दिसला पाहिजे हा हट्ट सोडा. बादली मात्र माशांसाठी वेगळी ठेवा, साबण-फिनेलची नको. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला. आमच्या कढीपत्त्याला दुसरं खत मी कधी घातलेलं नाही.

आता तुमची टाकी. चार महिन्यांत जिवाणूंच्या कामातून आम्ल तयार होत गेलेलं असतं. धरणाच्या मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यावर चालणाऱ्या टाकीचा पीएच अशाने हळूहळू खाली येतो, आणि तो फार खाली आला की जिवाणूही मंदावतात. मग अमोनिया साचतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियम या बऱ्यापैकी निरुपद्रवी रूपात असतो, म्हणून मासे वरकरणी ठीक दिसतात. अशा टाकीत एकदम भरपूर ताजं पाणी ओतलं की पीएच उसळी मारतो आणि तोच अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया होतो. मासे रात्रीत जातात, आणि घरचे म्हणतात, बघ, पाणी बदललं म्हणून मेले.

तेव्हा एक दिवसाआड फक्त चार-पाच लिटर बदला, असं दोन आठवडे. तेवढे दिवस खाणं निम्म्यावर आणा. शक्य असेल तर अमोनिया आणि नायट्रेटचं टेस्ट किट घ्या, औषधांच्या बाटल्यांपेक्षा ते पैसे सार्थकी लागतात. तिसऱ्या आठवड्यात एकदाच आठ-दहा लिटर, चौथ्यापासून दर आठवड्याला पूर्ण बादली. मधे कधी मासे वर येऊन तोंड उघडून हवा घेताना दिसले तर त्या दिवशी खाणं बंद, एअर पंप जोरात, आणि लगेच अमोनिया तपासा.

आणि सकर. "घाण खातो" म्हणून गळ्यात मारलाय ना? तो शेवाळ खातो, पण घाण स्वतःच सर्वांत जास्त करतो, आणि फूटभराहून मोठा होतो. नको झाला तर दुकानात परत द्या, पण तळ्यात किंवा नदीत सोडू नका. उजनीच्या जलाशयातले मच्छीमार आधीच त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात म्हणून वैतागलेत.