वाचक विचारतात : नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाराला निघताना

आम्ही दहाबारा जण गाडी करून नांदेडला निघालोय. घरचा धंदा तंबाखूचा. आत जाताना काय पाळावं? (निपाणी)

धंदा कोणी विचारत नाही, खिसा मात्र रिकामा हवा. शीख आचारात तंबाखूचं सेवन चार मोठ्या निषिद्ध गोष्टींत येतं. तेव्हा विडीबंडल, तंबाखूची चंची, गुटख्याची पुडी गाडीतच ठेवा. पुरुष आठवणीनं ठेवतात, पण बायकांच्या पिशवीत मशेरीची डबी हमखास राहते, तीही काढा. मग चूळ भरा, हातपाय धुवा.

डोकं झाकायला खिशातला हातरुमाल पुरत नाही. मागं गाठ बसत नाही आणि माथा टेकताना तो घसरतो. दोन-अडीच फुटांचा चौकोनी सुती रुमाल तिरका दुमडून बांधा. फेटा किंवा पटका असेल तर तो काढायचा नाही. नारळ-अगरबत्ती नेऊ नका, तिथं त्याचं काम नसतं.

आत गाभाऱ्यासारखी खोली दिसते. मग नमस्कार समाधीला करायचा की ग्रंथाला? (बेळगाव)

ग्रंथाला. आपल्याकडचा माणूस सवयीनं गाभाऱ्याकडं बघून हात जोडतो आणि समोरच्या गुरू ग्रंथसाहिबावरून नजर पुढं जाते. घोटाळा इथंच होतो.

दहावे गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये नांदेडात होते. माधोदास बैरागी इथंच त्यांना भेटला आणि बंदासिंग होऊन पंजाबकडं निघाला. पुढं एका पठाणानं गुरूंवर वार केला. परंपरा सांगते की जखम शिवली होती, पण धनुष्य ओढताना टाके तुटले. 7 ऑक्टोबर 1708 ला गुरूंचा देह पडला. त्याआधी त्यांनी गुरुपद कोणा माणसाला न देता ग्रंथाला दिलं. म्हणून ग्रंथसाहिबाला चवरी ढाळतात, रात्री शेज करतात, एखाद्या हयात गुरूची करावी तशी.

आतली खोली म्हणजे अंगीठा साहिब, अंत्यसंस्काराची जागा. तिथं शस्त्रं ठेवलेली असतात आणि आत फक्त पुजारी जातो. पहाटे गोदावरीतून घागर भरून आणतात, त्या पाण्यानं जागा धुतात. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधवली. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे मुख्य धर्मपीठांपैकी, पंजाबाबाहेरची दोनच : गुरूंचा जन्म झाला ते पाटणा आणि शेवट झाला ते नांदेड.

गुरुद्वारात मिळतो तसा कणकेचा कडाह प्रसाद घरी केला, पण कच्च्या पिठाचा वास राहिला, गुठळ्याही झाल्या. (खानापूर)

सत्यनारायणाच्या शिऱ्याचा हात इथं चालत नाही. रवा लवकर भाजतो, कणकेला वेळ लागतो. कणीक, तूप, साखर तिन्ही वजनानं सारखी घ्या : पाव किलोला पाव किलो. पाणी पाऊण ते एक लिटर. शक्यतो जाडसर कणीक आणि लोखंडी कढई वापरा. आधी दुसऱ्या पातेल्यात पाणी उकळून साखर विरघळवून ठेवा.

तूप तापलं की कणीक घाला आणि मंद आचेवर हात न थांबवता भाजा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. सुरुवातीला गोळा जड लागतो, मग सैल होतो, कडेनं तूप सुटतं आणि रंग बदामी होतो. बहुतेक जण गोळा सैल झाला की पाणी घालतात, म्हणून वास राहतो. रंग येऊ द्या. साखरपाणी उकळतंच हवं. गार पडलं तर गुठळी ठरलेली. ओतताना उडतं, तेव्हा लांब दांड्याचा उलथना घ्या. प्रसाद कढई सोडू लागला की झालं. तूप कमी केलं तर तो घट्ट, चिकट होतो. इथं काटकसर नको.

गुरुद्वारात अरदास, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर प्रसादाला कृपाण लावतात, मगच वाटतात. ओंजळ पुढं करून घ्यायचा. लंगरमध्ये, म्हणजे पंगतीच्या जेवणात, रोटीही ओंजळीतच, आणि पानात टाकायचं काही नाही.

जाता-जाता बिदर करावं का? (अथणी)

वाट वाकडी होते, पण करा. नानक झिरा इथं गुरू नानकांच्या दक्षिणयात्रेशी जोडलेला गोड्या पाण्याचा झरा आहे. 1699 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथाची पहिली दीक्षा दिली त्या पाच जणांपैकी, म्हणजे पंच प्यारांपैकी, भाई साहिबसिंग बिदरचे, घरचा धंदा न्हाव्याचा. जवळच जनवाड्याला गुरू गोविंदसिंगांच्या बाजूनं लढलेल्या माई भागोंचं स्थान आहे. बिदरहून पुढं उदगीरमार्गे नांदेड.

ग्रंथसाहिबात नामदेवांचे मराठी अभंग आहेत का? (चिकोडी)

नामदेवांची 61 पदं आहेत, पण भाषा बहुतेक हिंदी वळणाची. मधूनच मराठी रूप डोकावतं आणि ‘बीठल’ तर वारंवार येतो. ग्रंथाचं पहिलं संकलन 1604 चं. आजची प्रत 1430 पानांची, आणि ही पदं रागांप्रमाणे विखुरलेली. पाठ चालू असताना आपल्या नामदेवांचं पद लागेलच असं नाही.