सुतार आधी की रंगारी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दिवाळी जवळ आली की एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागतो: दाराच्या चौकटीभोवतीच्या पट्ट्या, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी फरशीलगत बसणारी पट्टी) आणि भिंतीचा रंग, यांत आधी काय? या वेळी तीच पत्रे एकत्र घेतली आहेत.

दारांना नव्या पट्ट्या आणि लाकडी स्कर्टिंग लावायचे आहे. सुतार म्हणतो आधी मी, रंगारी म्हणतो आधी मी. कोणाचे ऐकू? (पुणे)

दोघांचेही अर्धे. भिंतीची पुट्टी, घासणी, प्रायमर आणि रंगाचा पहिला हात आधी. मग सुताराने पट्ट्या ठोकाव्यात, इलेक्ट्रिशियनने आणि पडद्यांचे रॉड बसवणाऱ्याने आपापली भोके पाडून घ्यावीत. फटी आणि खिळ्यांच्या खुणा बुजवल्या की शेवटचा हात. ‘सगळे हात एकदमच मारून टाकतो’ असे रंगारी सांगतो, त्यात त्याची खेप वाचते; तुमच्या भिंतीवर मात्र टचअपचे डाग राहतात. शेवटच्या हाताचे पैसे तो मारून झाल्यावरच द्या.

पट्ट्या रंगवून लावाव्यात की लावून रंगवाव्यात? (नाशिक)

प्रायमर आणि पहिला हात खाली ठेवूनच द्या, पाठीमागची बाजू आणि कापलेली टोके धरून. शेवटचा हात पट्ट्या जागेवर बसवून झाल्यावर. पट्टी एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) असेल तर टोकांना प्रायमर दोनदा, कारण पाणी तिथूनच शिरते.

आमचे स्कर्टिंग टाइल्सचे आहे. (ठाणे)

ते गवंड्याचे काम, पुट्टीच्या आधी संपवा.

पट्टी आणि भिंत यांतली फट दुकानदाराने दिलेल्या सिलिकॉनने भरली. आता तिथे रंग बसत नाही. (नागपूर)

बसणारही नाही. साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही. ते पूर्ण खरवडून काढा आणि रंग घेणारे अ‍ॅक्रिलिक सीलंट भरा. फट बोटभर रुंद असेल तर सीलंट ओतत बसू नका, सुताराला बोलवा.

बंगल्याचा आतला गिलावा ऑगस्टअखेर झाला. दसऱ्याला गृहप्रवेश आहे. ठेकेदार म्हणतो, ‘ही पुट्टी ओल्या भिंतीवरही चालते, रंग आणि लाकडी स्कर्टिंग दोन्ही उरकतो.’ करू का? (कोल्हापूर)

नका करू. व्हाइट सिमेंटची पुट्टी लावताना भिंत पाण्याने भिजवतात, हे खरे. पण वरून शिंपडलेले पाणी वेगळे आणि गिलाव्याच्या पोटातली ओल वेगळी. गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारायचे, त्यानंतर कोरड्या हवेतही तो वाळायला साधारण चार आठवडे लागतात. तुमच्याकडे तर तो भर पावसाळ्यात झाला आहे.

भिंतीतले पाणी बाहेर पडताना क्षार घेऊन येते. वर इमल्शनचा थर असला की फोड येतात, पोपडे सुटतात. हे निदान दिसते तरी. स्कर्टिंगमागे मात्र ओल कोंडून राहते. एमडीएफ फुगते, सागवानाची पट्टी वाकते आणि खिळे सैल होतात. दर पावसाळ्यानंतर मी अशी स्कर्टिंग उचकटलेली बघतो: पुढून रंग चकचकीत, मागे काळी बुरशी, आणि भिंतीवर कापसासारखी पांढरी खार फुललेली. डबा ‘डॅम्प-प्रूफ’ असो की आणखी कसला, आत कोंडलेले पाणी तो नाहीसे करत नाही. ठेकेदाराला घाई आहे ती शेवटच्या बिलाची. मुहूर्त ओलांडला की ते लांबते.

स्वतः तपासा. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि पुरता एक दिवस ठेवा. आतून थेंब जमले किंवा खालचा गिलावा काळसर दिसला तर भिंत ओली आहे. प्रत्येक खोलीत, खास करून पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर, हे करा. मधल्या भिंती आधी वाळतात; त्या कोरड्या निघाल्या तर तिथले काम होऊ द्या. बाहेरच्या भिंती नुसत्या गिलाव्यावर ठेवून गृहप्रवेश करा. कलश पूजायला स्कर्टिंग लागत नाही. दिवाळीनंतर पुन्हा तपासा. तरीही ओल दिसली तर ती गिलाव्याची नसून गळतीची असू शकते. मग रंगाचा विषय बंद ठेवा आणि ठेकेदाराशी संबंध नसलेल्या सिव्हिल इंजिनिअरला ओलावा मोजण्याचे यंत्र घेऊन बोलवा.

पुढे स्कर्टिंग लावाल तेव्हा फरशीपासून दोन-तीन मिलिमीटर वर ठेवा, नाहीतर लादी पुसतानाचे पाणी ते रोज पीत राहील.

जुन्या घराच्या चौकटींवर ऑइलपेंटचे बरेच थर आहेत. ते घासून नव्या पट्ट्या लावायच्या आहेत. घरात लहान मूल आहे. (मुंबई)

कोरडे घासू देऊ नका; जुन्या रंगात विषारी शिसे असू शकते आणि ते धुळीतून मुलाच्या पोटात जाते. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) वर नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत ते किती आहे हे डोळ्यांना कळत नाही. काम संपून खोली ओल्या फडक्याने पुसून होईपर्यंत मुलाला दुसरीकडे ठेवा. थर ओला करून काढायला सांगा, किंवा चौकटच बदला. घासणी आधीच झाली असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा. रक्तातले शिसे तपासता येते.

मास्किंग टेप कधी काढावी? (सातारा)

शेवटचा हात मारल्यावर, रंग पुरता वाळायच्या आत, तिरकी ओढून. दोन-तीन दिवस ठेवलीत तर रंगाचा पापुद्राही सोबत येतो. पट्टीवर ताजे पॉलिश असेल तर पॉलिशवाल्याला विचारल्याशिवाय त्यावर टेप लावूच नका.