बाई, दार कोणी लावलं?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाई, आमची बोट आणि शेजारच्यांची बोट एकाच रात्री, एकाच वाऱ्यात सापडली. आमचे तिघेही घरी आले. त्यांच्यातले दोघे अजून आलेले नाहीत. प्रार्थनेच्या गटातली एक मावशी म्हणते, तुमच्या घरी रोज रोझरीची प्रार्थना होते म्हणून देवाने तुम्हांला सोडवलं. ते लोक मासळीच्या दिवसांत रविवारची मिस्सा चुकवायचे, त्यांचा न्याय झाला. आता मी सगळ्यांसमोर साक्ष द्यावी असा गटाचा आग्रह आहे. शेजारीण पुढच्याच बाकावर बसते. काय करू? (एक बहीण, उत्तन)

उत्तर : उभी राहू नकोस, बाय. तिच्यासमोर तर नाहीच.

नवरा परत आला त्याबद्दल देवाचे आभार मान. घरी मान, वेदीसमोर मान, बंदरावर जाळं विणताना मान. बायबलच्या स्तोत्र 107 मध्ये तर जहाजाने समुद्रात जाणारी माणसं दारुड्यासारखी झोकांड्या खातात आणि शेवटी देव त्यांना हव्या त्या बंदरात आणतो, असं आपल्याच लोकांचं वर्णन आहे. ते म्हण. पण मावशीला तुझ्याकडून आभार नकोत, दाखला हवाय.

आता माझी एक गोष्ट सांगते. ती सांगायला मला आवडत नाही. मी शाळेत मास्तरकी केली आणि रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला. 2009 च्या 11 नोव्हेंबरला फयान चक्रीवादळ किनाऱ्यावर येऊन गेलं. त्यानंतरच्या एका रविवारी धड्यांच्या क्रमात नोहाचं तारू आलं, महापुरात तारवातले तेवढे वाचले आणि बाकी सगळे बुडाले ती गोष्ट. मी क्रम बदलायला हवा होता. बदलला नाही. मुलांना म्हटलं, चित्र काढा. सगळ्यांनी पानभर तारू काढलं, खिडकीतून हत्तीची सोंड, जिराफाची मान. एका मुलाने मात्र तारू कोपऱ्यात काढलं, नारळाच्या करवंटीएवढं. बाकी पान निळ्या खडूने घासून घासून भरलेलं, आणि त्या निळ्यात काड्यांसारखे हात. बोटं पाचच्या पाच मोजून काढली होती. मी वही हातात घेतली तर म्हणाला, "बाई, दार कोणी लावलं?"

बायबलमधल्या उत्पत्तीच्या सातव्या अध्यायात ते आहे, परमेश्वराने नोहाला आत बंद केलं. मला वाक्य पाठ होतं. मी म्हटलं, "घंटा झाली, वह्या मिटा." घंटा झाली नव्हती.

त्या मुलाला तेव्हा दिलं नाही ते उत्तर तुला देते. दार नोहाने लावलं नाही. कोण आत, कोण बाहेर, हे त्याने ठरवलं नाही. तो आत होता, एवढंच. मावशीला ती कडी आपल्या हातात हवी आहे.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक उघड, 27 वा आणि 28 वा अध्याय सलग वाच. दर्यावर्दी माणसाला ती पानं नीट कळतात. प्रेषित पौल कैदी म्हणून रोमला चाललाय, चौदा रात्री वादळ, जहाजावर 276 माणसं. त्यांतले खलाशी नांगर टाकायचं निमित्त करून लहान होडी सोडून पळू पाहत होते. शिपायांचा विचार होता कैद्यांना मारून टाकावं, म्हणजे कोणी पोहून निसटायला नको. आणि वाचले किती? 276. कोणी पोहत, कोणी फळीला धरून, पळपुटे खलाशी आणि मारायला निघालेले शिपाईसुद्धा. रोझरीचा हिशेब लावला तर त्यांतले किती किनाऱ्याला लागले असते?

पुढे माल्टा बेटावरचा प्रसंग. पाऊस, थंडी, बेटावरची भली माणसं शेकोटी पेटवतात. पौल काटक्यांचा भारा आगीत टाकतो, त्यातून साप निघून त्याच्या हाताला लटकतो. लगेच लोक काय म्हणाले? हा खुनी असणार, समुद्रातून सुटला तरी न्याय याला जगू देत नाही. मग वाट पाहिली, तो काही सुजेना की मरेना, तर तेच लोक म्हणू लागले, हा देव आहे! मावशी माल्टाच्या त्या शेकोटीजवळ शोभली असती. (चांगली बाई असेल ती, माझी खात्री आहे. चांगल्या माणसांनाच हा रोग जास्त होतो.)

येशूने हे स्वतःच लोकांना थेट विचारलं होतं. सिलोमचा बुरूज पडून 18 माणसं मेली, ती काय इतरांपेक्षा जास्त पापी होती? लूकच्या तेराव्या अध्यायात त्याचं उत्तर सरळ आहे, नाही. त्यापुढचं वाक्य मी लपवत नाही. पश्चात्ताप केला नाहीत तर तुम्हीही सगळे असेच नाश पावाल, असं तो म्हणतो. म्हणजे न्याय आहेच. फक्त त्याचं बोट मेलेल्यांकडे नाही, ऐकायला उभ्या असलेल्यांकडे आहे. लगेच तो अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगतो. तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, एवढं एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. आपण माडाला आळं करतो तसं.

तुझ्या घराला ते एक वर्ष मिळालंय, बाय. शेजारणीकडे जा. देह हाती लागत नाही तोवर कागदावर माणूस बेपत्ताच राहतो, आणि कायद्याने त्याला मृत धरायला 7 वर्षं जाऊ शकतात. कोणत्या कचेरीत काय द्यायचं, बोटीची नोंद कुठे, त्या रात्री कोण कोण होतं, हे तुझ्या नवऱ्याला माहीत आहे. तिला नाही. त्याला तिच्याबरोबर पाठव. आणि नोव्हेंबरात मृतांसाठी नावांची यादी वेदीवर ठेवतात तेव्हा त्या दोघांची नावं घालायची की नाही, हे तिला आधी विचार. तिची आशा सुटली नसेल तर घालू नकोस.

प्रश्न : 1739 मध्ये वसई पडली तो पोर्तुगीजांवर आलेला देवाचा न्याय होता, असं एक जण म्हणाला. आपण ख्रिस्ती लोकांनी याचं काय समजायचं? (एक विद्यार्थी, वसई)

उत्तर : बुरूज पडला तो सुरुंगाने. चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीला नवस केल्याचं सांगतात, तो फेडला म्हणून देवीचं देऊळ उभं राहिलं. इथल्या चर्चच्या घंटा मेणवलीला, भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात गेल्या आणि तिथे अजून आहेत. जिंकणारा त्याला प्रसाद म्हणतो आणि हरणारा परीक्षा. माणसांची रीतच आहे.

बायबलमधल्या संदेष्ट्यांची रीत मात्र उलटी. यिर्मयाने न्याय येणार म्हणून सांगितलं ते स्वतःच्या यरुशलेमला, आणि त्याबद्दल लोकांनी त्याला विहिरीतल्या चिखलात सोडलं. आमोस तर इस्राएलला म्हणतो, मिसरातून तुम्हांला बाहेर काढलं याचा तोरा नको, पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीरहून आणणाराही तोच. पलिष्टी म्हणजे यांचे वैरी, हं. परक्याच्या पडझडीत न्याय शोधणारा संदेष्टा स्वस्तात पडतो. त्याला चिखलात कोणी टाकत नाही.

प्रश्न : मी हिंदू आहे, आमच्या आळीतल्या ख्रिस्ती मित्राच्या घरी तुमचं मासिक वाचते. तुमच्यातही चित्रगुप्त असतो का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : वह्या असतात. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात पुस्तकं उघडली जातात, आणि त्यांच्याखेरीज आणखी एक, जीवनाचं पुस्तक. पण कारकून कोण ते लिहिलेलं नाही.

गंमत मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. तिथे शेवटच्या न्यायाला मेंढरं एका बाजूला आणि शेरडं दुसऱ्या बाजूला. परीक्षा कसली, तर उपाशी माणसाला जेवू घातलंस का, तहानलेल्याला पाणी, परक्याला घर, उघड्याला कपडा, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट. आणि निकाल ऐकून दोन्हीकडची माणसं एकच विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? पास झालेल्यांनाही आपल्या वहीत काय लिहिलंय याचा पत्ता नव्हता. चित्रगुप्ताकडे गेलेल्यांना आधी ठाऊक असतं का? तुमच्याकडे कोणी जाणतं असेल तर विचारून मला जरूर कळवा.