खुर्च्यांना दोरा बांधायचे पैसे का द्यायचे?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी ३१ वर्षांचा आहे, मनीषनगरला राहतो, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करतो. गेल्या चार वर्षांत अंदमान, गोवा आणि बाली मिळून माझे ५२ डायव्ह झाले. ॲडव्हान्स्ड कोर्स झालाय, रेक डायव्हिंगचा साधा कोर्सही झालाय. म्हणजे बुडालेल्या जहाजात दाराचा उजेड दिसतो तिथपर्यंत मी जाऊन आलोय. आता फिलिपिन्समध्ये कोरोनला जाऊन त्याचा पुढचा, उजेडापलीकडे आत शिरण्याचा कोर्स करायचा आहे. दोन इन्स्ट्रक्टरांशी बोललो. एक म्हणतो, तीन दिवसांत कोर्स, रोज दोन जहाजं, सर्टिफिकेट नक्की. दुसरा वयानं मोठा, पंचवीसेक वर्षं हेच काम करतोय. तो सहा दिवस मागतो, फी जवळपास दुप्पट. त्यातही पहिला दीड दिवस पाण्यात जायचंच नाही. आवारातल्या झाडांना आणि खुर्च्यांना दोरा बांधायचा आणि डोळ्यांवर पट्टी लावून त्याच्या आधारानं चालायचं. वर म्हणतो, जमलं नाही तर सर्टिफिकेट देणार नाही. मित्र म्हणतात, म्हातारा फसवून राहिला तुला. आईनं तर जेवण सोडायची धमकी दिली आहे. काय करू?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : तू माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस. म्हाताऱ्याकडे जा. आता कारण सांगते.

महालातल्या शाळेत मी सव्वीस वर्षं गणित शिकवलं आणि हा कोर्स केला तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. माझ्या सरांनीही, मी विमानात बसायच्या दोन महिने आधीच, घरी सराव करायला सांगितलं होतं. एप्रिल-मेचे दिवस, बाहेर पंचेचाळीस, घरात कुलर घोंघावतोय. मी मास्कच्या काचेला आतून पोळ्या बांधायचा चांदीचा कागद चिकटवला आणि लोकरीचा गुंडा घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजापासून निघाले. डायनिंग टेबलाच्या पायाला एक वेढा, फ्रिजच्या कडेनं पुढे, कपाटाच्या कडीला एक, शेवट देवघराच्या चौकटीला. हे सगळं डोळ्यांनी बघत, झकास टाकलं. मग मास्क चढवला आणि देवघराकडून परत निघाले.

कपाटापर्यंत ठीक. पुढे लोकर बोटांतून सरकत सरकत फ्रिज आणि भिंत यांच्या फटीत गेली. दोरा ताणल्यावर तो सरळ रेषेचा रस्ता धरतो. गणिताच्या बाईला हे सुचायला हवं होतं, नाही सुचलं. फटीत मनगट जाईना, हात सोडवेना आणि सोडला तर लोकर पुन्हा कुठे शोधायची ते कळेना. तेवढ्यात आमचे हे तर्रीपोह्याची पिशवी घेऊन दारात. "काय करून राहिली बाप्पा?" एवढंच म्हणाले आणि पायानं लोकर तोडून आत आले.

सरांना फोनवर सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, याला लाइन ट्रॅप म्हणतात. जहाजात हेच होतं. जाताना दोरा दारातून गेलेला असतो, पण कोपऱ्यावर गाठ मारली नाही तर तो पाइपांमागच्या फटीत सरकतो. दोरा फटीतून बाहेर जातो, माणूस जात नाही. म्हणून दोरा टाकायचा डोळे उघडे ठेवून, पण टाकायचा असा, की डोळे मिटल्यावर त्याच्यावरून हात फिरवत दारापर्यंत येता आलं पाहिजे. मनीषनगरच्या पोरा, तुझा कोर्स तो हाच. बाकीचं सगळं त्याच्या भोवतीचं. आणि ही गोष्ट खुर्चीच्या पायाशी जितकी स्वच्छ कळते तितकी तीस मीटर खाली कळत नाही. तिथे हवा मोजायची असते, खोली बघायची असते, भीती गिळायची असते. म्हणून दीड दिवस कोरडा.

आता जहाजाचं सांगते. कोरोनच्या आसपासची बहुतेक मोठी जहाजं जपानी रसदीची. २४ सप्टेंबर १९४४ ला अमेरिकी नौदलाच्या विमानांनी ती बुडवली. त्यातलं कोग्यो मारू उजव्या कुशीवर पडलेलं आहे, तळ साधारण ३४ मीटरवर. कुशीवर पडलेल्या जहाजात शिरणं म्हणजे काय, ते आपलं घर आडवं पाडून बघ. जमीन भिंत होते, जिना कपाटासारखा बाजूला लटकतो, दार छताला येतं. बांधकामाचं सामान घेऊन निघालेलं जहाज ते. पोटात सिमेंटची पोती आहेत. कापड कधीच गेलं, पण सिमेंट पोत्याच्याच आकारात दगड होऊन बसलंय, शिवणीच्या सुरकुत्यांसकट. मी एका पोत्यावर बोट टेकवलं तर सरांनी टॉर्चचा झोत माझ्या बोटावर धरला. हात काढ. काही उचलायचं नाही, हलवायचं नाही हे तर आहेच, पण बोट टेकवलं की गाळ उठतो.

गाळ बोटानं नाही, माझ्या फिननं, म्हणजे पायातल्या वल्ह्यानं उठला. अरुंद जागी मी घाबरून सायकल चालवल्यासारखे पाय मारले. (बेडकासारखी लाथ मारायची असते, पाण्याचा रेटा मागे जाईल अशी. खाली गेला की तळावरची पावडर उठलीच. गच्चीवर स्टुलावर पोटावर झोपून महिनाभर सराव कर, शेजारचे हसतील.) वरून आमच्या बुडबुड्यांनी छताचा गंज सुटून पडत होताच. चारपाच श्वासांत टॉर्चच्या झोतात फक्त तपकिरी भिंत राहिली. मग घड्याळ नाकाशी धरलं तरी आकडा दिसेना.

हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांचं कडं करून दोरा त्यात धरला होता. दुसरा हात समोरच्या बडीच्या, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराच्या दंडावर. आमचं ठरलेलं होतं, ढकललं की चल, दाबलं की थांब. एक गाठ लागली. मग दुसरी. दुसऱ्या गाठीपाशी दोऱ्यावर अडकवलेला प्लॅस्टिकचा बाण हाताला लागला. त्याचं टोक बाहेरच्या दाराकडे असतं. तो मीच अडकवला होता, तरी बोटांनी तीनदा चाचपला. शिरताना चार मिनिटं लागली होती, बाहेर यायला अकरा लागली.

हे चार आणि अकरा लक्षात ठेव, आता हिशेब करू. बारा लिटरचा सिलिंडर, आत २०० बार दाब, म्हणजे २४०० लिटर हवा. तू मिनिटाला २० लिटर घेतोस असं धर. तीस मीटरवर दाब चौपट, म्हणून तिथे ८० लिटर. पुस्तकातला नियम तिसऱ्या हिश्शाचा : एक हिस्सा आत जायला, एक बाहेर यायला, एक राखीव. एक हिस्सा ८०० लिटर, म्हणजे दहा मिनिटं आत. आता अगदी टोकाला पोचल्यावर बडीची हवा गेली. तुझ्याकडे १६०० लिटर, श्वास घेणारे दोन, मिनिटाला १६० लिटर. दहा मिनिटं. पास झालो वाटतं ना? पण त्या दहा मिनिटांत तुम्ही फक्त दारापाशी पोचलात, सिलिंडर रिकामा आणि डोक्यावर तीस मीटर पाणी. आणि घाबरलेला माणूस शांतपणे २० लिटर घेत नाही. दुप्पट धर. मग मिनिटाला ३२० आणि १६०० लिटरला पाच मिनिटं. माझी चारची अकरा झाली होती ती यात कुठे बसव, सांग बरं. म्हणूनच हा कोर्स एका सिलिंडरवर करायचा नसतो. पाठीवर जोडी घ्यायची किंवा दोन्ही काखेत एकेक, दोन्हींना स्वतंत्र रेग्युलेटर (ज्यातून श्वास घ्यायचा ते यंत्र), त्यातल्या एकाची नळी दोनेक मीटर लांब, अरुंद बोळात मागेपुढे पोहता यावं म्हणून. आणि पहिला हिस्सा संपायच्या आधीच परत फिरायचं. तुझा तीन दिवसांवाला एका सिलिंडरवर आत नेतो का, विचार त्याला. हो म्हणाला तर फोन ठेवून दे.

आणखी एक विचार : शेवटचा डायव्ह दारातून परत कधी फिरवला होता? माझ्या सरांनी माझा फिरवला होता. दोन तास बोटीतून जाऊन, समुद्राला जीव वाहून, आम्ही एका टँकरच्या दारापाशी पोचलो आणि माझ्या दोन बॅकअप टॉर्चपैकी एक लुकलुकायला लागला. मुख्य टॉर्च लख्ख होता, दुसरा बॅकअपही चालू. सरांनी अंगठा वर केला. आमच्या भाषेत अंगठा म्हणजे छान नव्हे, वर चल. वर आल्यावर मी फुरंगटून बसले, पैशांचं बोलले, दोन टॉर्च शिल्लक होते म्हणाले. ते शांतपणे डबा उघडून भात खात राहिले. जेवण झाल्यावर म्हणाले, "तीन घेऊन आत जायचं ठरलं होतं. दोन घेऊन जायचं ठरलं नव्हतं." मी शाळेत पोरांना गृहीतक मध्येच बदललं म्हणून शून्य द्यायचे, म्हणून गप्प बसले.

सर्टिफिकेट नक्की म्हणणाऱ्याला दारातून परत फिरणं परवडत नाही रे. रोज दोन जहाजं दाखवायची कबूल केलेली असतात. म्हाताऱ्याला परवडतं, कारण त्यानं तुला काहीच कबूल केलेलं नाही. अनुभव म्हणून मी हेच मोजते. किती हजार डायव्ह झाले ते नंतर.

तुझे ५२ डायव्ह कमी नाहीत, जास्तही नाहीत. एका जागी मासोळीसारखा न हलता पाच मिनिटं तरंगता येत असेल, तेही हातात दोऱ्याचं रीळ धरून, तर जा. नसेल तर आधी तेवढंच शीक. सराव तलावाच्या पाण्यात करायची हौस सुचली तर अंबाझरी आणि फुटाळा सोडून दे. पोहायच्या तलावात, कोणीतरी बघणारं असताना कर.

विम्याचे कागद नीट वाच. प्रवासाच्या विम्यात डायव्हिंग असलं तरी जहाजाच्या आत शिरणं बऱ्याचदा वगळलेलं असतं. आणि परतीचं तिकीट काढताना शेवटचा अख्खा दिवस कोरडा ठेव. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि अंगात मुरलेल्या वायूचे बुडबुडे होतात, म्हणून सलग काही दिवस डायव्ह केल्यावर विमानात बसायला किमान १८ तास थांबायचं, मध्ये थांबे घेत वर यावं लागलं असेल तर त्याहून जास्त.

राहिली आई. "काही होत नाही गं" असं तिला म्हणू नकोस. होतं, आणि ते तिला ठाऊक आहे. तिला दोऱ्याचं एक टोक धरायला दे. हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात दोरा टाक, तू पट्टी बांध, आणि तिला म्हण, तुला वाटेल तिथे खुर्ची सरकव, कुठेही अडथळा घाल. आया हे काम फार मन लावून करतात. तू पाच वेळा न सुटता परत आलास, की ती जेवायला बसेल. नाही आलास, तर तुझ्या म्हाताऱ्याला फोन करून सांग. तोही खूश होईल.

प्रश्न : मागच्या दिवाळीत तारकर्लीला गाइडचा हात धरून वीस मिनिटं पाण्याखाली गेले होते. फार आवडलं. मला थेट बुडालेलं जहाज बघता येईल का? वय ४४, पोहता येतं.
— एक वाचक, वर्धमाननगर, नागपूर

उत्तर : थेट नाही, ताई. त्या वीस मिनिटांत सगळी काळजी गाइडनं घेतली होती. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि पहिला कोर्स करा, त्यानं १८ मीटरपर्यंत जाता येतं. तारकर्लीलाच महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. मग ॲडव्हान्स्ड, आणि मग जहाज, तेही बाहेरून. बाहेरूनच पुष्कळ असतं. खिडक्यांतून मासे ये-जा करतात, आत शिरायची घाई त्यांनाच करू द्या. नौदलातून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार निवतीच्या समुद्रात तळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे, तेव्हा तुमचा कोर्स होईपर्यंत कोकणातच सोय झाली तर बरंच.

मात्र कोर्सच्या दिवसांत तीन-तीन डायव्ह करून त्याच संध्याकाळी गाडी काढून आंबोली घाट चढू नका. आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटरच्या आसपास आहे. विमानाचं पथ्य सगळे पाळतात, घाटाचं विसरतात. नागपूर काही पळून जात नाही. ती रात्र खाली सावंतवाडीतच काढा आणि सोलकढी प्या.