एमबीबीएसला असताना संशोधन करायचं आहे, सुरुवात कुठून करू?

छोट्या प्रश्नापासून करा. ‘मधुमेहाची कारणे’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘डिस्चार्जच्या वेळी शिकवलेली इन्सुलिनची पद्धत रुग्णाला महिन्यानंतर किती आठवते?’ हा प्रश्न. तो तुमच्या वेळेत पुरा होतो.

मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा वेळ बघा. आठवड्यातून अर्धा तास देणारा कनिष्ठ प्राध्यापकही चालेल. नैतिकता समितीची मंजुरी माहिती गोळा करण्याआधी घ्यावी लागते, नंतर नाही. नमुना किती घ्यायचा हेही संख्याशास्त्रज्ञाला आधीच विचारा.

खरी कसोटी माहिती नोंदवण्यात असते. आमच्या पहिल्या तक्त्यात हिमोग्लोबिनच्या रकान्यात कुणी ११.२ लिहिलं, कुणी ‘११.२ ग्रॅम’, कुणी नुसतं ‘कमी’. दोनशे नोंदी पुन्हा केस पेपर काढून तपासाव्या लागल्या. म्हणून एकक, दशांश आणि माहिती नसल्यास काय लिहायचं, हे पहिल्याच दिवशी कागदावर ठरवा आणि आधी दहा रुग्णांवर फॉर्म वापरून बघा.

आणि विद्यार्थ्याचं काम दुय्यम असतं असं मुळीच समजू नका. पॉल लँगरहान्स या जर्मन वैद्यकीय विद्यार्थ्याने १८६९ साली आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातल्या पेशींच्या बेटांचं वर्णन केलं, तेव्हा तो अवघा एकवीस-बावीस वर्षांचा होता. या पेशींचं काम काय, हे आपल्याला ठाऊक नाही, असंही त्याने प्रांजळपणे लिहिलं. इन्सुलिन तिथेच तयार होतं, हे पुढे कळलं. तुमचाही निष्कर्ष नकारार्थी आला तर तसाच लिहा.