म्युनिकला मुलांसकट यायचं तर

तुम्ही विचारलंय : दोघंही पुण्यात आयटीत, लेक आठ वर्षांची, मुलगा तीनचा, मिस्टरांना म्युनिकची ऑफर आलीय, पगार पुरेल का आणि मुलांचं कसं होईल? पगाराचं गणित तुम्ही मांडालच. घोडं पेंड खातं ते मुलांपाशी.

आधी लेकीचा विचार करा. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीतच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय, यांची सरासरी २.३३ पर्यंत असेल (इथे १ म्हणजे उत्तम) तर गिम्नाझियम (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूल (मधली), नाहीतर मिटेलशूल (हाताच्या कामाच्या शिक्षणाकडे नेणारी). हा दाखला चौथीच्या मे महिन्यात हातात पडतो. म्हणजे भाषा शिकायला तिला जेमतेम दीड-दोन वर्षं. पुढे वाट बदलता येते, रेआलशूलमधून इंजिनियर होता येतं, पण आपल्या लोकांना ते पचत नाही. बर्लिनला प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते. तिकडची ऑफर असती तर एवढ्या एका कारणासाठी मी बर्लिन म्हटलं असतं.

धाकट्यासाठी किटा, म्हणजे इथलं पाळणाघर-बालवाडी. वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे, पण प्रत्यक्षात जागा मिळेपर्यंत दम निघतो. मिळाली तरी लगेच मूल सोडून ऑफिस गाठता येत नाही. सुरुवातीला आई किंवा बाबाने वर्गात कोपऱ्यात बसून राहायचं, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास. याला आइनगेव्योनुंग म्हणतात आणि त्यात काही आठवडे सहज जातात. नव्या नोकरीत ही रजा कोण काढणार, ते पुण्यातच बसून ठरवा. पद्धत मात्र मला मनापासून पटली. मूल रडत आत ढकलावं लागत नाही. भर जानेवारीतही पोरं अंगणात असतात. मुलाला आणायला गेले की रबरी विजार चिखलाने लडबडलेली, नाक लालबुंद. माझ्या आईने ते व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाली, "अगं, त्याला आत घ्यायला कुणी माणूस नाही का तिथे?"

आईचा विषय निघालाच आहे तर सांगते. आजी-आजोबांना शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं. न्यू जर्सीतल्या माझ्या बहिणीकडे ते एका वेळी सहा महिने राहतात, तिचं त्यावरच चालतं. इथे वरकामाला बाई नाही, प्राथमिक शाळा दुपारीच सुटते, त्यामुळे दुपारच्या सांभाळासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. मूल आजारी पडलं तर सरकारी विमा असलेल्या प्रत्येक पालकाला वर्षाला, दर मुलामागे, १५ दिवसांची भरपाईसह रजा मिळते. ती बाबांनीही घ्यायची असते, हं. किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, दर मुलामागे महिन्याला २५९ युरो (२०२६चा दर). अर्ज उशिरा केलात तर मागचे सहाच महिने मिळतात.

भाचीच्या लग्नासाठी डिसेंबरात शाळा बुडवणं विसरा, दंड होतो. आणि धपाटा घालायची सवय असेल तर तीही तिथेच ठेवून या. मुलांना मारणं २००० पासून कायद्यानेच बंद आहे.

निघण्यापूर्वी दोन्ही मुलांच्या गोवराच्या दोन्ही डोसांचा लेखी पुरावा डॉक्टरांकडून घ्या. २०२० पासून त्याशिवाय किटात प्रवेश मिळत नाही, आणि शाळाही तो मागते.